दोन डेअऱ्या, एक डबी

आप्पा चौगुल्यांनी माझी डबी टेबलावरून उचलली, बंडीच्या आतल्या खिशात घातली आणि वरून बटण लावलं. मग खुर्चीत मांडी घालून बसले आणि म्हणाले, "आता काय करायचं ते कर. पयलं आमचं, मग त्येंचं."

मी म्हटलं, आप्पा, डबी खिशात आणि मशीन टेबलावर, असं कसं सुरू व्हायचं? रांगेतली दोन-चार माणसं हसली. आप्पा हसले नाहीत. सकाळचे साडेसहा वाजले होते, दिवस वैशाखाचे, आणि डेअरीच्या दारापासून पार चावडीपर्यंत दुधाच्या किटल्या लागलेल्या. साडेसातला टेम्पो येऊन दूध घेऊन जातो. तो कुणासाठी थांबत नाही. त्यात गेलं नाही ते दूध दहापर्यंत नासणार, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

डबी म्हणजे काय ते आधी सांगते. कॉम्प्युटरच्या पोटात हार्ड डिस्क असते ना, तसलीच एक, पण बाहेरून वायरीनं जोडायची. काळी, तळहाताएवढी. कुरणवाडीतल्या बायकांनी तिला डबी म्हणायला सुरुवात केली आणि मग सगळ्या तालुक्यात तेच नाव पडलं. मला पण डबीवाली म्हणायचे. म्हणू देत. अनुराधा मगदूम हे नाव बँकेच्या पासबुकापुरतं चांगलं आहे.

मी तेव्हा गावोगावच्या दूध संस्थांचे कॉम्प्युटर दुरुस्त करत हिंडायचे. प्रत्येक डेअरीत मशीन वेगळ्या जमान्याचं. कुठं शाळेनं मोडीत काढलेलं, कुठं मुंबईच्या मंडळानं भेट दिलेलं, कुठं काल आणलेलं नवंकोरं, ज्याच्या पडद्यावरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नाही. आणि बंद पडणार तर पहाटे, दूध दारात आल्यावर. मी ठरवलं, तालुक्यातलं कुठलंही मशीन, म्हातारं असो की तरणं, एका झटक्यात सुरू करील अशी एकच डिस्क करायची.

लोकांनी वेड्यात काढलं. जुन्या मशीनला बाहेरची डिस्क ओळखूच येत नाही. त्याला आधी एक सीडी घालून सांगावं लागतं की बाबा, बाहेर कुणीतरी उभं आहे, दार उघड. नव्याला सीडी नको, पण त्याच्या अपेक्षा दुसऱ्या. शेवटी मी एका डिस्कवर दोन वेगळे संसार मांडले, एका घरात सासूची चूल वेगळी आणि सुनेची वेगळी असते तसे, आणि दोघींना दुधाचं सामान मात्र एकाच कोठीतून. आमच्या गोठ्याच्या अर्ध्या भागात भंगारातली सहा-सात मशीनं मांडून मी ते सगळं करून पाहिलं. आई म्हणायची, एवढ्या खटपटीत दोन सुना नांदवल्या असत्या. पण डबी झाली, आणि अशी झाली की ज्या मशीनला लावली ते उठून बसलं. माझ्या कामाबद्दल मी उगाच लाजत नाही.

आता कुरणवाडी. हजार-बाराशे वस्तीचं गाव आणि डेअऱ्या दोन. आधी एकच होती, आप्पांची, जय हनुमान. तेव्हा दुधाची फॅट, जिच्यावर भाव ठरतो ती, हातानं लिहायचे. एकदा कुणाची तरी सहा-दोनची पाच-आठ लिहिली गेली. ती चुकून की मुद्दाम यावर भांडण पेटलं, दोन डोकी फुटली, आणि संभाजी खोतांनी अर्धं गाव घेऊन चावडीपलीकडं भैरवनाथ संस्था काढली. त्यानंतर दोघांनीही कॉम्प्युटर घेतले. मशीननं फॅट मोजायची, मशीननं पावती छापायची, मध्ये माणसाचा हात नको. तेव्हापासून कुरणवाडीत पावती निघणार नसेल तर कुणी किटली उपडी करत नाही. हातानं लिहून घेतो म्हणाल तर काठ्या निघतील.

आदल्या संध्याकाळी डीपीवर झाडाची फांदी पडली आणि लाईट एकसारखी गेली-आली, गेली-आली. दोन्ही डेअऱ्यांत दूध चालू होतं. दोन्ही कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्का गेल्या. सकाळी मशीन चालू केलं तर नुसता काळा पडदा. पहाटे मला दोन फोन आले, दोन्ही चेअरमनचे, आणि दोघांनी एकच सांगितलं, की पहिल्यांदा आमच्याकडं ये.

मी बॅगेत डबी टाकली, वायर टाकली, दोन नव्या हार्ड डिस्का टाकल्या आणि गाडीला किक मारली. डिस्का दुपारच्या कामाच्या. त्या बसवून, त्यांच्यात सगळं भरून मशीन उभं करायचं म्हणजे तीन-चार तास हवेत. सकाळचं दूध टेम्पोत घालायचं तर डबीच.

आधी खोतांकडं गेले, कारण ते वाटेत लागतं. त्यांचं मशीन नवं होतं, दणकट. डबी लावली की सगळं उचलून स्वतःच्या डोक्यात घेईल आणि मग डबी काढून घेतली तरी लाईट असेपर्यंत बिनघोर चालेल, असं. आप्पांचं मशीन म्हातारं. त्याच्या डोक्यात तेवढी जागाच नाही, त्याला डबी शेवटपर्यंत लावून ठेवावी लागणार. म्हणजे हिशेब सरळ होता. आधी खोतांचं सुरू करायचं, मग डबी आप्पांकडं न्यायची आणि तिथंच ठेवायची. वीस मिनिटांत दोन्हीकडं पावत्या.

वायर खोतांच्या मशीनला लावली. डबी लावणार, तोच वाटलं की आप्पांच्या मशीनची सीडी नीट फिरते का ते पाहून यावं, नाहीतर ऐनवेळी घोळ व्हायचा. डबी हातात घेऊनच आप्पांकडं गेले, टेबलावर ठेवली, सीडी पाहिली, ठणठणीत. आणि आप्पांना सगळं नीट समजावून सांगितलं. समजावलं तेच चुकलं. "आधी तिकडं" एवढंच त्यांच्या कानात शिरलं, आणि डबी बंडीत गेली.

ही बातमी चावडी ओलांडून खोतांकडं पोचायला कितीसा वेळ लागणार? मी धावत गेले तर खोतांनी वायर काढून, गुंडाळून, धोतराच्या कनवटीला खोचलेली. म्हणाले, डबी त्येंच्याकडं तर वायर आमच्याकडं. ती साधी वायर नव्हती. तिला एकीकडं दोन तोंडं होती, कारण जुन्या मशीनच्या एका भोकातून डिस्क फिरण्याएवढा करंट येत नाही, दोन भोकांतून ओढावा लागतो. तसली वायर तालुक्याला मिळत नव्हती.

म्हणजे बघा, एकाच्या बंडीत डबी, दुसऱ्याच्या कनवटीला वायर, आणि दोन रांगांत मिळून चारशे लिटर दूध. मी चावडीपुढून इकडून तिकडं चार खेपा घातल्या. आप्पांना म्हटलं, अर्ध्या तासात परत आणून देते, माझा शब्द. ते म्हणाले, तुझा शब्द चांगलाच आहे पोरी, पण तिकडची हद्द तुझी नाही. डबी एकदा तिकडं गेली की परत यायची नाही. खोतांना म्हटलं, वायर द्या, निदान त्यांचं तरी सुरू करते. ते म्हणाले, आमचं दूध नासवून त्यांचं टेम्पोत घालतेस होय? वर दोघांनीही बजावलं की पुढच्या महिन्यापासून दुसरा माणूस बघू. मला संताप आला. पण त्यापेक्षा जास्त वाईट वाटत होतं ते रांगेतल्या बायकांचं. पहाटे चारला उठून धारा काढणाऱ्या त्या, आणि बंडी-कनवटीचा खेळ करणारे हे.

त्या रांगेत, खोतांच्या बाजूला, पद्मा उभी होती. खोतांची थोरली सून. आणि आप्पा चौगुल्यांची एकुलती एक मुलगी.

तिचं लग्न झालं तेव्हा डेअरी एकच होती आणि आप्पा-खोत एका ताटात जेवायचे. वर्षभरात ती फॅटची भानगड झाली. तेव्हापासून, दोन वर्षं होत आली होती, पद्मा माहेरी गेलेली नव्हती. माहेर किती लांब? चावडी ओलांडली की आलं. डेअरीच्या मागंच आप्पांचं घर. तिला कुणी जाऊ नको म्हटलं नव्हतं. ये, असंही कुणी म्हटलं नव्हतं. सणाला आईनं केलेलं काही कुणाच्या तरी हातून जायचं, तेही पदराआड. हे सगळ्या गावाला माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

मी चौथ्यांदा खोतांकडून हात हलवत बाहेर पडले तेव्हा सात वाजून गेले होते. ऊन पत्र्यावर आलं होतं. पद्मानं आपली किटली मागच्या बाईच्या पायाशी सरकवली आणि माझ्याबरोबर चालायला लागली. आमच्याकडं बायका पण मी आलो, मी गेलो असंच बोलतात, तशीच ती बोलली. म्हणाली, "चल, मी येतो."

खोत ओट्यावरून बघत होते. मला वाटतं, त्यांना कळलंच नाही ती कुठं निघाली ते.

जय हनुमानच्या दारात ती थांबली. उंबऱ्याच्या आत पाय टाकला नाही. आप्पांनी मान वर केली, बघितलं आणि परत टेबलाकडं बघायला लागले.

"आप्पा, डबी द्या," पद्मा म्हणाली.

"तिकडं गेली की परत येत न्हाई," आप्पा टेबलाकडं बघतच म्हणाले.

"मला त्या घरात दिली, तवा परत यील का म्हणून इचारलं न्हाईसा. डबीचं बरं इचारतासा."

कुणीतरी किटलीचं झाकण खाली ठेवलं, त्याचा आवाज झाला. आप्पांनी बटणाला हात घातला. बटण लवकर निघेना. निघाल्यावर त्यांनी डबी उजव्या हातावर ठेवून पुढं केली आणि पद्मानं ती पदरात घेतली, पदराची गाठ मारली.

खोतांकडं आल्यावर मी वायर मागितली. त्यांनी सुनेच्या पदराची गाठ पाहिली आणि वायर कनवटीतून काढून दिली. डबी लावली, मशीन चालू केलं. पडद्यावर अक्षरं धावायला लागली, आणि पहिली पावती कर्रकर्र करत बाहेर आली तशी रांगेतून एक मोठा सुस्कारा ऐकू आला. मी मशीनच्या डोक्यात सगळं चढलंय ना ते दोनदा तपासलं, डबी काढली, वायर काढली. पावत्या निघतच राहिल्या. खोत बघत राहिले. डबी नसताना मशीन चालतंय, हे त्यांना काही केल्या पटेना.

आणि मग माणूस बिथरला. म्हणाले, लाईट गेली तर? तो प्रश्न खोटा नव्हता. लाईट गेली की मशीनच्या डोक्यातलं सगळं पुसलं जाणार, आणि परत डबी लागणार. बॅटरी पंधरा मिनिटांची. डबी इथंच राहू दे, असं ते म्हणाले, आणि हात पुढं केला.

मी काही म्हणायच्या आत पद्मानं डबी आणि वायर दोन्ही उचलून पदरात बांधली. म्हणाली, लाईट गेली तर मी घेऊन येतो, मामंजी.

"आन त्येंनी ठिवून घेतली तर?" खोत म्हणाले.

"मग मलाबी ठिवून घिऊ देत."

ती हे काही जोरात बोलली नाही. सासऱ्याशी बोलताना सुनेनं जेवढ्या आवाजात बोलायचं, तेवढ्याच आवाजात बोलली. खोतांचा पुढं केलेला हात तसाच राहिला, मग त्यांनी तो मिशीवरून फिरवला. म्हणाले, डबीपाशी तू बसायचं. डबी आली की तू यायचं, आणि तू आलीस की डबी यायची. दुसऱ्या कुणाच्या हातात ती मला दिसता कामा नये.

आम्ही परत चावडी ओलांडली. या वेळी पद्मा दारात थांबली नाही, आत आली, कारण डबीपाशी बसायचं होतं. मी सीडी घातली, वायरीची दोन्ही तोंडं दोन भोकांत बसवली. म्हाताऱ्या मशीनला वेळ लागतो. पडदा काळा, काळाच. आप्पा माझ्याकडं बघताहेत, रांग माझ्याकडं बघतेय. साडेसातला पाच-दहा मिनिटं उरलेली. मला धाकधूक नव्हती असं म्हणत नाही, पण गोठ्यात ह्याच जातीचं मशीन मी पन्नासदा उठवलं होतं. सीडी गुरगुरली, डबीचा हिरवा दिवा लागला, विझला, लागला. आणि पडद्यावर 'जय हनुमान सहकारी दूध संस्था' उमटलं.

पहिली किटली ओतली गेली. पावती निघाली. टेम्पोचा हॉर्न वाजला तेव्हा रांग निम्मी उरली होती. आप्पांनी बाहेर जाऊन ड्रायव्हरला चहाला बसवलं. हा ड्रायव्हर कुणासाठी थांबत नाही म्हणतात, पण त्या दिवशी थांबला. खोतांच्या बाजूचे कॅन आधी भरून झाले, मग आप्पांच्या बाजूचे. एकही किटली घरी परत गेली नाही.

एवढा वेळ पद्मा मशीनशेजारच्या बाकड्यावर बसून होती, डबीकडं बघत. आत घरात जायचं दार तिच्या पाठीशीच होतं. ते कधी किलकिलं झालं ते मला कळलं नाही. आप्पांची बायको तिथं उभी होती. काकू पुढं आल्या, लेकीच्या कपाळाला कुंकू लावलं, तिच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली, आणि चहाची कपबशी तिच्या हातात दिली. पद्मानं चहा घेतला. चहा पिताना ती रडत होती आणि हसत पण होती, आणि बशीत फुंकर मारत होती. आप्पा टेम्पोकडं तोंड करून उभे होते. त्यांचा पंचा दोनदा डोळ्यांवरून फिरला. घाम आलाय, असं ते ड्रायव्हरला सांगत होते.

काम संपलं. मी डबी काढून पद्माला दिली. ती उठली, पदरात बांधायला लागली, तेवढ्यात काकू आतून मूठभर तांदूळ घेऊन आल्या. माहेरवाशीण रिकामी कशी धाडायची? घातले तांदूळ त्याच पदरात, थेट डबीवर. मी ओरडणार होते, वायरीच्या भोकात दाणे जातील म्हणून. ओरडले नाही. दाणे काय, टाचणीनं काढता येतात, आणि मी नंतर ते काढले पण.

पद्मानं दारातून एकदा मागं वळून पाहिलं. आईला नाही, मला विचारलं, "आता परत कवा लागंल डबी?"

आप्पा टेम्पोकडून वळले. चावडीपलीकडून खोत येऊन उभे राहिले होते, सुनेला न्यायला की डबीला, देव जाणे. सगळे माझ्याकडं बघत होते. माझी बॅग खांद्यावर होती आणि बॅगेत दोन नव्या डिस्का होत्या. दुपारपर्यंत दोन्ही मशीनं आपल्या पायावर उभी राहिली असती.

मी बॅगेची चेन लावली.

म्हटलं, संध्याकाळच्या दुधाला लागेल. उद्या सकाळी लागेल. डिस्का कोल्हापुरात मिळत नाहीत, वरून मागवायला लागतील, किती दिवस ते आत्ता सांगता येत नाही. तोवर दोन्ही वेळा डबीच आणायची. आणि चेअरमननी सांगितलंय तसं, पद्माच्याच हातून.

खोतांनी माझ्या बॅगेकडं पाहिलं. पहाटे त्यांच्याच टेबलावर मी ती उघडली होती, डिस्का बाजूला सारून वायर काढली होती. त्यांनी पाहिलं असेल की नसेल, मला आजपर्यंत माहीत नाही. ते म्हणाले, "सावकाश येऊ देत डिस्का. गडबड न्हाई."

डिस्का आमच्या गोठ्यात फळीवर पडून राहिल्या. मी आषाढात बैलांचा बेंदूर होऊन गेल्यावर त्या बसवल्या. तोवर रोज दोन वेळा पद्मा पदरात डबी बांधून चावडी ओलांडायची, बाकड्यावर बसायची, चहा प्यायची आणि दूध संपलं की परत जायची. मी मधून मधून जाऊन भोकातले तांदळाचे दाणे काढायचे. डेअऱ्या दोनच राहिल्या, भांडणं पण राहिली, आजही आहेत.

डिस्का बसवल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम कुरणवाडीला गेले. दोन्हीकडं मशीनं आपली आपण चालू होती, डबी माझ्या बॅगेत होती. आप्पांच्या रांगेतलं दूध संपत आलेलं. तेवढ्यात चावडीकडून पद्मा आली, रिकाम्या हातानं. पदराला गाठ नव्हती. ती आत आली आणि बाकड्यावर बसली.

डबी कुठाय, असं कुणी विचारलं नाही. आप्पांनी पावतीवरून नजर न काढता एवढंच विचारलं, "आज उशीर केलास?"